पेणकर, रोहेकर, किहीमकर: लग्ननोंदीच्या एका नियमाचं प्रकरण

१८ ऑक्टोबर १९६१ रोजी इस्रायलच्या मुख्य रब्बी मंडळाने, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या सर्वोच्च मंडळाने, बेने इस्रायल या कोकणातल्या मराठी ज्यू समाजाबद्दल एक निर्णय दिला. या समाजातल्या माणसांशी इतर ज्यूंनी लग्न करायला धर्माची आडकाठी नाही, असं त्यात म्हटलं होतं. वाचणाऱ्याला वाटावं की प्रश्न मिटला. पण १९६२च्या सुरुवातीला लग्नं नोंदवणाऱ्या रब्बींना ज्या सूचना गेल्या, त्यांनी तो पुन्हा उघडला. बेने इस्रायल मुलगा किंवा मुलगी इतर ज्यू समाजात लग्न करणार असेल, तर आईची, आजीची आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी, असं त्यात होतं. घराण्यात कोणी बिगरज्यू मिसळलं होतं का? कोणाचा घटस्फोट होऊन पुन्हा लग्न झालं होतं का? शंका राहिली तर प्रकरण धर्मन्यायालयाकडे पाठवायचं.

इस्रायलमध्ये ज्यूंची लग्नं आणि घटस्फोट १९५३च्या कायद्याने रब्बींच्या धर्मन्यायालयांच्या अखत्यारीत दिलेले आहेत. सरकारी कचेरीत जाऊन नोंदणी विवाह करायची सोय तिथे नाही. त्यामुळे रब्बीने दार लावलं की दुसरं दार शिल्लक राहत नाही.

आणि जिची चौकशी व्हायची ती पणजी कुठली? बहुतेक वेळा आपल्याच अलिबाग, पेण, रोहा, मुरूड, म्हसळा या पट्ट्यातली. ती कोण होती हे तिच्या गावाला पक्कं ठाऊक होतं. तिच्या घराण्याचा घाणा कुठे होता, तिच्या घरी कोणत्या दिवशी चूल पेटत नसे, हे शेजारणीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण ती शेजारीण जेरुसलेमच्या कचेरीत साक्षीला येऊ शकत नव्हती, आणि आली असती तरी तिची साक्ष कोणत्या रकान्यात लिहायची हे तिथल्या कारकुनाला कळलं नसतं. कोकणात या समाजाची ओळख शेजाऱ्यांनी सांभाळली होती. समुद्र ओलांडल्यावर तीच ओळख कागदावर मागितली गेली. माझ्या मते या प्रकरणाचं मूळ इथे आहे. म्हणून धर्मशास्त्राच्या वादाइतकंच कोकणातल्या गावांबद्दल बोलल्याशिवाय ते समजत नाही.

गावाला काय ठाऊक होतं

समाजाची परंपरा सांगते ती अशी: पूर्वज गलबतातून येत होते, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांना नवगावला पुरलं. ही घटना कधीची, ते लोक नेमके कुठून निघाले होते, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. परंपरेने मात्र जागा धरून ठेवली आहे. नवगावची दफनभूमी आजही दाखवतात, तिथे स्मारक आहे, आणि इस्रायलहून आलेले लोक तिथे जाऊन उभे राहतात.

वाचलेल्यांकडे ग्रंथ उरले नव्हते, असंही परंपरा सांगते. उरलं ते पाठांतर आणि रीत. मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची, शनिवारी काम बंद ठेवायचं, खवले आणि पर नसलेला मासा खायचा नाही, आणि 'शेमा इस्रायल' हे प्रार्थनेतलं वाक्य म्हणायचं. धंदा तेल गाळण्याचा. हिंदू तेली सोमवारी घाणा बंद ठेवत, हे शनिवारी. म्हणून गावात ते सोमवार तेली आणि हे शनवार तेली. धर्म वेगळा आहे एवढं गावाला कळत होतं, त्याचं नाव काय हे विचारायची गरज पडत नव्हती. जातींनी भरलेल्या मुलखात आणखी एका समाजाला आपली जागा मिळाली, आणि ती कोणत्या दिवशी सुट्टी यावरून ठरली.

दावीद राहबी नावाचा एक ज्यू गृहस्थ कोकणात आला आणि त्याला या लोकांच्या रीती ओळखीच्या वाटल्या, ही कथा प्रत्येक घरात सांगितली जाई. त्याने बायकांना मासे रांधायला दिले. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे निवडून घेतले आणि बाकीचे नाकारले. त्याची खात्री पटली. मग त्याने तिघांना शिकवून तयार केलं आणि त्यांच्यापासून समाजाचे धर्मविधी करणाऱ्या काजींची परंपरा सुरू झाली. राहबीचा काळ कोणता, यावर मोठा वाद आहे. कोणी तो मध्ययुगात नेतात, कोणी अठराव्या शतकात. मला या गोष्टीत दुसरंच महत्त्वाचं वाटतं. हीदेखील ओळख तपासण्याचीच गोष्ट आहे. बाहेरून आलेला जाणकार परीक्षा घेतो आणि कोकणातल्या बायका ती उत्तीर्ण होतात. फरक एवढाच की त्याने त्यांच्या हातांकडे पाहिलं. वंशावळ मागितली नाही.

सणांची नावं पाहावीत. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, होळीचा सण, अनाशी ढाकाचा सण, बिरड्याचा रोजा. यहुदी पंचांगातले हे दिवस कोकणी स्वयंपाकघरातून मोजलेले आहेत. 'रोजा' शेजारच्या मुसलमान घरांतून आला, 'काजी'ही तिकडूनच. नवस फेडायचा तर एलियाहू हानबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा, आणि त्याला मलिदा: गोड केलेले पोहे, खवलेलं खोबरं, वर फळं. अलिबागजवळ सागावला एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या खुणा दाखवतात. तिथे आजही मलिदा होतो. लग्नात मेंदी आणि हिरव्या बांगड्या, बायकांच्या गळ्यात काळे मणी. सामाजी, हसाजी, मुसाजी ही नावं म्हणजे शमुएल, इझिकेल, मोशे. आणि आडनावं ज्या गावचे त्या गावची: पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर, दिवेकर, अष्टमकर, वाक्रूळकर, राजपूरकर.

कोकणात या सगळ्याचा अर्थ एकच निघत असे की ही शनवार तेल्यांची माणसं आहेत. जेरुसलेममध्ये मात्र यातली निम्मी लक्षणं संशयाची ठरणार होती. मंगळसूत्र हा तिथे ज्यू असल्याचा पुरावा होत नाही, आणि 'रोहेकर' या आडनावाने माणूस रोह्याचा आहे एवढंच सिद्ध होतं.

मुंबईमार्गे

बेने इस्रायलांचं स्थलांतर १९४८ला सुरू झालं असं समजणं चुकीचं आहे. ते कोकणातल्या इतर सगळ्या समाजांसारखंच मुंबईपासून सुरू झालं, अठराव्या शतकात. पुरुष ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत शिरले. पुढे रेल्वे, टपाल, पोलीस, गोदी, कचेऱ्या. फौजेतल्याच सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे शमुएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६मध्ये मुंबईत मांडवीला समाजाचं पहिलं प्रार्थनास्थळ बांधलं. समाज त्याला मशीदच म्हणायचा, आणि शेजारचं मस्जिद स्टेशन त्याच्या नावावरून ओळखलं जातं असं सांगतात. गावाकडची बांधकामं त्यानंतरची आहेत. अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन आबोथ १८४८चं, १९१०मध्ये पुन्हा बांधलेलं. म्हणजे पैसा आणि कल्पना मुंबईहून गावाला आल्या, जशा आपल्याकडच्या कितीतरी देवळांच्या जीर्णोद्धारात आल्या.

मुंबईत आणखी एक गोष्ट झाली आणि या प्रकरणात तिला फार वजन आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायबल मराठीत आणलं, जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं, शाळा निघाल्या. समाजाला धर्मांतरित करायचा मिशनऱ्यांचा हेतू फारसा साधला नाही. उलट बेने इस्रायलांनी त्याच मराठी छापखान्यातून आपला यहुदी धर्म नीट वाचून घेतला. १८७४मध्ये पुण्यात वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची हगादा ही पोथी हिब्रू आणि मराठीत छापली गेली. १८८०च्या सुमारास कीर्तनं सुरू झाली: विषय मोशे आणि योसेफ, पूर्वरंग-उत्तररंग आपला, साक्या-दिंड्या आपल्या. हाईम शमुएल किहीमकर यांनी १८७५मध्ये मुंबईत समाजाची शाळा काढली आणि १८९७मध्ये समाजाचा इतिहास लिहून काढला. तो छापला गेला १९३७मध्ये, तेल अवीवला, लेखकाच्या मृत्यूनंतर.

जगभरच्या यहुदी धर्माशी आपलं नातं काय, हे या लोकांना मराठीतून कळलं, हे ध्यानात ठेवलं पाहिजे. मातृभाषा टाकून ते ज्यू झाले नाहीत. मराठी जितकी छापली गेली तितके ते जास्त ज्यू होत गेले. स्थलांतरितांनी भाषा बदलली की ओळख बदलते, असा जो सरळ हिशेब मांडला जातो तो इथे लागू पडत नाही.

पण मुंबईतच पहिला संशयही भेटला. बगदाद आणि आसपासहून आलेले श्रीमंत ज्यू व्यापारी सुरुवातीला बेने इस्रायलांच्याच मशिदीत प्रार्थनेला यायचे. पुढे त्यांनी आपली वेगळी प्रार्थनास्थळं बांधली आणि अंतर ठेवायला लागले. दफनभूमीत मधे भिंत घालून द्या, अशी मागणी त्यांच्याकडून १८३६मध्येच सरकारकडे गेली होती. कारण सांगायचं ते धर्माचं: यांच्या लग्न-घटस्फोटाच्या रीती शास्त्राप्रमाणे नाहीत. त्यामागे रंग होता, इंग्रजांसमोर आपण 'नेटिव्ह' दिसू नये ही धडपडही होती. १९६१चा वाद जेरुसलेममध्ये जन्माला आला नाही. तो भायखळा-मांडवीहून तिकडे गेला.

आणि एक गोष्ट समाजाच्या आतली, जी टाळून हे प्रकरण लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. बेने इस्रायलांत गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन गट होते. बिगरज्यू बाईपासून झालेल्या संततीला आणि तिच्या वंशजांना काळे म्हणत. गोऱ्यांनी काळ्यांशी सोयरीक करायची नाही, हा दंडक होता. नावं रंगाची, पण मोजलं जात होतं ते रक्त. जातीच्या गावात राहून समाजाने जातीचाच मार्ग धरला होता. पुढे हेच जेरुसलेमला उलटलं. तुमच्याच परंपरेत मिसळलेल्या घराण्यांची आठवण आहे, मग आम्ही विचारलं तर राग का, असा युक्तिवाद करायला जागा मिळाली. मला इथे कोणाची बाजू घेऊन वाद जिंकायचा नाही. पण जो काटा आपण दुसऱ्यासाठी गावात रोवला तोच परदेशात आपल्या पायात गेला, हे दुःख या समाजातल्या जाणत्यांनी सोसलं असणार.

१९४८नंतर

इस्रायल झालं तेव्हा भारतात बेने इस्रायल सुमारे २०,००० होते. त्यांच्यावर इथे कोणी अत्याचार केले म्हणून ते गेले नाहीत. हे त्यांनी स्वतः पुन्हा पुन्हा सांगितलं आहे आणि मराठी माणसाला त्याचा योग्य अभिमान आहे. ते धर्माच्या ओढीने गेले, काही नोकऱ्यांच्या चिंतेने गेले, बरेचसे भाऊ-बहीण गेले म्हणून गेले. वाट्याला आली बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद, येरुहाम अशी नव्याने वसणारी गावं, त्यातली काही निव्वळ वाळवंटात. मुंबईत रेल्वेच्या कचेरीत बसलेला माणूस तिथे मजूर झाला.

१९५१मध्ये बीरशेबाकडच्या काही कुटुंबांनी रंगावरून भेदभाव होतो अशी तक्रार करत ठिय्या मांडला, तो तेल अवीवला ज्यू एजन्सी या स्थलांतरितांना वसवणाऱ्या संस्थेच्या दारात नेला, आणि मागणी केली की आम्हाला भारतात परत पाठवा. १९५२मध्ये शंभरावर माणसं खरोखरच मुंबईला परत आली. त्यातली बरीचशी पुढच्या काही वर्षांत पुन्हा इस्रायलला गेली. त्यांना तिथे राहायचंच होतं. राहताना मान हवा होता, आणि तो मागायचा मार्ग त्यांनी भारतातून नेला होता.

दुसरीकडे, गावाकडचे कागद मागवायला पत्रं हेच एकमेव साधन. भारताने सप्टेंबर १९५०मध्ये इस्रायलला मान्यता दिली, पण दोन्ही देशांचे पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२मध्ये जुळले. मधल्या चाळीस वर्षांत भारतातली इस्रायलची कचेरी म्हणजे मुंबईतला वाणिज्य दूतावास. त्यामुळे रोह्याच्या आत्याची जन्मनोंद किंवा मशिदीच्या दप्तरातला उतारा मागवायचा तर नात्यातल्या कोणालातरी पत्र टाकायचं, त्याने एस.टी. धरून गावाला जायचं, समाजाच्या मुकादमाला, म्हणजे पुढाऱ्याला, गाठायचं, दप्तर सापडलं तर नक्कल करायची, इंग्रजी भाषांतर करून घ्यायचं आणि पाठवायचं. पणजीच्या काळातलं दप्तर मिळायची आशा तर नव्हतीच. गावातल्या तेल्याच्या लग्नाची नोंद १८६०मध्ये कोणी, कुठे करून ठेवणार?

नेमकी अडचण काय होती

रब्बी मंडळाची बाजूही नीट मांडली पाहिजे. ज्यू धर्मशास्त्रात लग्न मोडायचं तर नवऱ्याने बायकोला विशिष्ट रीतीने लिहिलेलं घटस्फोटपत्र द्यावं लागतं. ते नसेल तर पहिलं लग्न टिकून आहे असं धरतात, आणि अशा बाईला दुसऱ्या पुरुषापासून झालेली मुलं एका कलंकित वर्गात पडतात, ज्यांना सर्वसाधारण ज्यूंशी लग्न करता येत नाही. हे बंधन पिढ्यान्‌पिढ्या चालतं. दुसरा नियम निपुत्रिक विधवेचा: दिराने विधिपूर्वक मोकळं केल्याशिवाय तिने पुन्हा लग्न करायचं नाही. कोकणात रब्बी नव्हते, ही पत्रं लिहिणारे जाणकार नव्हते. मग तिथे झालेले घटस्फोट शास्त्रशुद्ध कसे मानायचे? प्रश्न पोकळ नव्हता.

समाजाचं उत्तरही तितकंच भक्कम होतं. आमच्याकडे घटस्फोट जवळपास होतच नसत. विधवेचं दुसरं लग्न तर शेजारच्या हिंदू घरांसारखं आमच्याकडेही टाळत. म्हणजे ज्या चालीला किहीमकरांच्या पिढीतले सुधारक शेजाऱ्यांकडून लागलेली वाईट खोड मानत, तीच आता वंशशुद्धीच्या बाजूने पुरावा म्हणून उभी राहिली. ज्या विधवा आयुष्यभर एकट्या राहिल्या, त्यांच्या एकटेपणाचा उपयोग त्यांच्या पणतीच्या लग्नासाठी झाला. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण कागद तसेच बोलतात.

सेफार्दी, म्हणजे स्पेन आणि पूर्वेकडच्या परंपरेतल्या ज्यूंचे, मुख्य रब्बी यित्झाक निस्सिम यांच्या काळात झालेल्या विचारातून मुख्य निष्कर्ष समाजाच्या बाजूने निघाला, हे विसरता कामा नये: हे ज्यू आहेत. मग वणवा कशाचा पेटला? माझ्या मते तीन गोष्टी एकमेकींत अडकल्या होत्या, आणि त्यातली तिसरी सर्वात मोठी होती.

एक तर रब्बींच्या भाषेत बोलू शकणारं समाजात कोणी नव्हतं. काजी होते, पण ते विधी करणारे. मुंबईच्या मशिदींत हजान म्हणून प्रार्थना चालवणारे पुष्कळदा कोचीन किंवा येमेनकडचे असत. शास्त्राचा वाद शास्त्राच्या भाषेत घालायचा तर बेने इस्रायलांना दुसऱ्या समाजातल्या विद्वानाचा आधार घ्यावा लागे. पुढारी शिकलेले होते, उत्तम इंग्रजी लिहीत. इंग्रजीतली निवेदनं वर्तमानपत्रांपर्यंत पोचली, पण रब्बींच्या मनाचं दार उघडायला ती कामाची नव्हती. दुसरं, त्यांच्याविषयीची माहिती बराच काळ दुसऱ्यांच्या तोंडून गेली होती. मुंबईच्या बगदादी घराण्यांचा शब्द ज्यू जगात दूरवर ऐकला जाई, अलिबागच्या तेल्याचा नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे सूचनेत समाजाचं नाव होतं. चौकशी सर्वांची होते, शंका कोणाबद्दलही येऊ शकते, असं म्हणणं वेगळं. आणि बेने इस्रायल असेल तर चौकशी करा, असं म्हणणं वेगळं. दुसऱ्या वाक्याने शंका व्यक्तीवरून उचलून समाजावर ठेवली. ज्या मुलीच्या घरात कधी काही वावगं घडलं नाही तिलाही नोंदणीच्या टेबलापाशी आपल्या आजीबद्दल उत्तरं द्यायची, आणि मागच्या रांगेतल्या पोलंडच्या किंवा मोरोक्कोच्या मुलीला ती द्यायची नाहीत. कोकणात शनवार तेली म्हणून ओळखलं जाणं म्हणजे तुम्ही कोण आहात हे मान्य असणं होतं. इथे बेने इस्रायल म्हणून ओळखलं जाणं म्हणजे तुम्ही कोण आहात याची शंका असणं झालं.

१९६४चा उन्हाळा

दोन वर्षं निवेदनं, सभा, बातम्या यांत गेली. काही रब्बी सूचना बाजूला ठेवून लग्नं लावत, काही अडून बसत. म्हणजे लग्न होणं न होणं तुम्ही कोणत्या गावात राहता यावर ठरू लागलं. १९६४च्या उन्हाळ्यात ठिकठिकाणचे बेने इस्रायल जेरुसलेमला जमले आणि निदर्शनं, ठिय्या सुरू झाला. बायका-मुलांसह. यात नुसती लग्नाळू मुलंमुली नव्हती. ज्यांची लग्नं आपापसात मुकाट होणार होती, ज्यांना या नियमाचा प्रत्यक्ष त्रास कधीच होणार नव्हता, असे म्हातारेही होते. मला हे फार मोलाचं वाटतं. प्रश्न लग्नाचा राहिला नव्हता.

१७ ऑगस्ट १९६४ला क्नेसेटची, म्हणजे इस्रायलच्या संसदेची, खास बैठक झाली. लेव्ही एश्कोल पंतप्रधान होते. बेने इस्रायल हे सर्व बाबतीत, कोणत्याही मर्यादेशिवाय ज्यू आहेत आणि त्यांचे हक्क इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत, असं सरकारचं मत ठरावातून जाहीर झालं, आणि भेदभावाची भावना निर्माण करणारी कारणं दूर करावीत असं रब्बी मंडळाला सांगण्यात आलं. ऑगस्ट संपता संपता मंडळाने सूचना बदलली. बेने इस्रायल हे नाव काढलं. त्या जागी, ज्याच्या वंशाबद्दल शंका असेल अशा कोणाचीही चौकशी करावी, असा मजकूर आला.

चौकशीचा अधिकार गेला नाही, फक्त नाव गेलं. काही अभ्यासकांना ही तडजोड पळवाट वाटते. मला वाटत नाही. समाजाने नेमकं दुखलं तिथे बोट ठेवलं होतं आणि नेमकं तेवढंच मिळवलं. धर्मशास्त्र बदला असं ते म्हणत नव्हते. ते स्वतः श्रद्धाळू होते आणि घटस्फोटपत्राचा नियम त्यांनाही मान्य होता. आमच्या नावाला शंकेचा समानार्थी शब्द करू नका, एवढंच म्हणणं होतं. पुढेही कुठल्यातरी गावात एखादा रब्बी अडून बसल्याच्या तक्रारी अधूनमधून आल्या, अगदी १९९०च्या दशकापर्यंत. पण त्या एकेका रब्बीविरुद्धच्या तक्रारी होत्या. लेखी नियम पाठीशी नव्हता.

२०१६मध्ये जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात बेने इस्रायलांमध्ये ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वंश ठळकपणे दिसले. बातम्या उत्साहाने आल्या: परंपरा खरी ठरली. मी त्या उत्साहात सामील होऊ शकत नाही. हाच अहवाल १९६२मध्ये हातात असता तर तो दोन्ही बाजूंनी वापरला गेला असता, आणि 'भारतीय वंश' या शब्दांवर बोट ठेवणारे जास्त निघाले असते. दर शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या माणसाची कमाई रक्ताच्या थेंबात शोधणं मला त्याच्यावर अन्याय केल्यासारखं वाटतं.

त्यानंतर

इस्रायलमध्ये आज या समाजाची लोकसंख्या भारतात कधी होती त्याच्या कितीतरी पट आहे. तिसरी पिढी हिब्रूत वाढली. लग्नं सर्रास इतर ज्यू समाजांत होतात. तरी १९८०च्या दशकात तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक सुरू झालं, महाराष्ट्र दिन साजरा होतो, मेंदी आणि मलिदा टिकून आहेत. जे रीतिरिवाज एकेकाळी परकेपणाची खूण ठरले तेच आता तिकडच्या नातवंडांना आपलं वेगळेपण म्हणून हवे आहेत. नाव शंकेतून सुटल्यावरच हे शक्य झालं, असं मी मानतो. ज्याला सारखं सिद्ध करावं लागतं तो माणूस आपले काळे मणी लपवतो.

इकडे महाराष्ट्रात जून २०१६मध्ये राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. इथेही प्रश्न तोच आहे: जन्माच्या, लग्नाच्या नोंदीत धर्माच्या रकान्यात काय लिहायचं. एवढी माणसं गेल्यावर आता तो रकाना मिळाला. अलिबागच्या आसपास बेने इस्रायल कुटुंबं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. मागेन आबोथमध्ये प्रार्थना होते, रेवदंडा, पेण, पनवेल इथलीही प्रार्थनास्थळं उभी आहेत.

पण गावोगावच्या लहान दफनभूमी वेगाने झाकोळत आहेत. पावसाने अक्षरं जातात, झाडोरा वाढतो, बाजूच्या जमिनींना भाव आला की कुंपणं सरकतात. त्या दगडांवर नाव, बापाचं नाव, गाव आणि तारीख आहे. १९६२मध्ये जे कागद कोणाला सापडत नव्हते ते म्हणजे पुष्कळ अंशी हेच दगड. इस्रायलहून लोक आजही पूर्वजांचं गाव शोधत येतात आणि रिक्षावाल्याला आडनाव सांगून वाट विचारतात. रायगड जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी तालुकावार वाटून घेतलं तर या सगळ्या दगडांचे फोटो, वाचन आणि नोंद एका हिवाळ्यात उरकता येईल. पावसाळ्याच्या आत सुरुवात नवगावपासून करावी. पुष्कळ दगडांवर हिब्रूच्या खाली मराठी आहे, त्यामुळे वाचायला हिब्रू येणारा माणूस मिळेपर्यंत थांबायचंही कारण नाही.